रुग्णालयातील कचरा : प्रशिक्षण कोणाला मिळाले, हे कसे तपासायचे?

जोहे गावातल्या पेशंटला मोठा दवाखाना लागला की तो पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो, तिथे भागले नाही तर अलिबागला किंवा नवी मुंबईला. डॉक्टर आणि सिस्टर त्याच्या लक्षात राहतात. वॉर्डातली पिशवी उचलून नेणारी मावशी सहसा राहत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहे, आणि ते करणाऱ्यांत आपल्या समाजातली व इतर वंचित जातींतली माणसे आजही मोठ्या संख्येने आहेत.

या कचऱ्यासाठी देशात पहिले नियम १९९८ साली आले. सध्या लागू असलेले जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २८ मार्च २०१६ चे आहेत. त्यानुसार कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करायचा असतो. रक्ताने भिजलेला कापूस, बँडेज, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, कारण बरेचदा सुई टोचते ती नेमकी तेव्हाच.

या विषयावर वेगवेगळ्या रुग्णालयांत झालेल्या पाहण्यांत साधारण एकच चित्र दिसते : डॉक्टरांना नियम माहीत असतात, परिचारिका ते जास्त पाळतात आणि सफाई कामगारांची माहिती सर्वांत कमी भरते. यावरून ‘अशिक्षित आहेत, काय करणार’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. रंग ओळखायला पदवी लागत नाही. चुकीच्या पिशवीत सुई टाकतो वरचा माणूस, आणि ती टोचते खालच्याला. माहिती कमी आहे कारण ती द्यायची जबाबदारी ज्याची आहे, त्याने ती दिलेली नसते.

आणि ती जबाबदारी कायद्यात स्पष्ट आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण, हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, हातमोजे-बूट-मास्क : हे सगळे रुग्णालयाने पुरवायचे आहे. नियमाचे शब्द ‘सर्व आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर’ यांना धरून आहेत, त्यामुळे ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर चालत नाही.

कार्यकर्त्यांच्या कामाची गोष्ट यापुढे आहे. प्रत्येक रुग्णालयाला ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्याचा नमुना क्रमांक चार. त्यात किती जणांना प्रशिक्षण दिले, किती जणांना अजून एकदाही दिलेले नाही, वर्षभरात किती अपघात झाले, असे वेगळे रकाने आहेत. अहवाल रुग्णालयाच्या वेबसाइटवरही असायला हवा. नसेल तर सरकारी रुग्णालयाकडे माहिती अधिकारात मागा. खासगी रुग्णालयाचा असेल तर मंडळाकडे मागा, कारण तो तिथे जमा होतो. अपघाताच्या रकान्यात दरवर्षी शून्य दिसले तर कामगारांशी बोला.

हा रकाना भरणे कामगारासाठी का महत्त्वाचे? लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. टोचल्यावर जागा दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ते २८ दिवस घ्यावे लागते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असे औषध देणे धोक्याच्या ठिकाणच्या मालकावर बंधनकारक केले आहे. नोकरी जाईल या भीतीने रात्रपाळीची बाई सकाळपर्यंत गप्प राहिली, तर पहिले दोन तास तिथेच संपतात.