चार बोटं आणि एकतीस स्लायडर

ग्राफिक इक्वलायझरवर एकच स्लायडर हलवून समाधान झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बोट एकावर जातं आणि शेजारचे दोघे न बोलावता सोबत येतात. मी हे काम एका मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये शिकलो. तिथले आमचे काका डाव्या हाताची चार बोटं पसरून २००, २५०, ३१५ आणि ४०० हर्ट्झचे स्लायडर एका दमात खाली ओढायचे. मधली दोन बोटं जास्त, कडेची कमी. पेटीचा घुमा तेवढ्याने जायचा. मागून कुणी विचारलंच की किती कमी केलं, तर आकडा सांगायचे नाहीत. म्हणायचे, "कमी केलं म्हणजे कमी केलं. ऐक की."

काकांना काय, आम्हा कुणालाच तेव्हा माहीत नव्हतं की त्या स्लायडरांनी मिळून नक्की काय केलं हा प्रश्न अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या इंजिनियरांना कित्येक वर्षं छळत होता. मला विचाराल तर ग्राफिक इक्वलायझरचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो. एक स्लायडर काय करतो हे सोपं आहे. चार एकत्र हलले की काय होतं, तिथे घोडं अडतं.

हे यंत्र संगीतवाल्यांनी जन्माला घातलेलं नाही, टेलिफोनवाल्यांनी घातलं. तार लांबली की वरच्या वारंवारता आधी मरतात आणि पलीकडचा माणूस गोधडीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. ते नुकसान भरून काढायला बेल कंपनीच्या इंजिनियरांनी कॉइल आणि कपॅसिटरची जाळी तयार केली. ऑटो झोबेल याचा त्यावरचा मोठा लेख १९२८चा, आणि हवी तशी बदलता येणारी जाळी कशी बांधायची हे हेंड्रिक बोडेने १९३८ साली मांडलं. दरम्यान बोलपट आले. थिएटरातला आवाज सुधारण्यासाठी चालवणाऱ्याच्या हाती बटण देण्याचं श्रेय आरसीएच्या जॉन वोल्कमनला देतात. आपल्याला जवळचा माणूस मात्र आर्ट डेव्हिस. लँगेविन कंपनीच्या ईक्यू-२५१ए या उपकरणात गोल बटणाऐवजी सरकता दांडा आला होता. पुढे सिनेमा इंजिनियरिंग या कंपनीसाठी डेव्हिसने ७०८० हे मॉडेल केलं. त्याला पहिला ग्राफिक इक्वलायझर मानतात. त्यात सहा बँड होते, प्रत्येक आठ डेसिबल वर किंवा आठ खाली, एकेका डेसिबलच्या पायरीने. नंतर डेव्हिस आल्टेकमध्ये गेला आणि तिथे सात बँडचा ९०६२ए केला. तो १९७०च्या दशकातही विकला जात होता.

सरकत्या दांड्याने एक मोठी गंमत केली. सहा मुठी ओळीने उभ्या राहिल्या की त्यांच्या माथ्यांवरून डोळे आपोआप एक रेघ ओढतात आणि वाटतं, आवाजाचा आलेख तो हाच. कान तयार नसलेल्या माणसालाही डोळ्यांनी काम करता येऊ लागलं. पण ती रेघ खरी नव्हती. कुठलाही बँड स्वतःच्या हद्दीत राहत नाही. चाळीत एका खोलीत मिरचीची फोडणी पडली की दोन्ही बाजूच्या बिऱ्हाडांना ठसका लागतो, तसं ते आहे. १००० हर्ट्झ वाढवलं की ८०० आणि १२५० यांनाही थोडं मिळतं. तिघंही सहा-सहा डेसिबल वाढवले तर मधल्याच्या वाट्याला स्वतःचं अधिक दोघांचं, असं सगळं येतं. दांड्यावर आकडा सहाच दिसतो.

टेक्सासमध्ये या गोष्टीला वेगळी दिशा मिळाली. डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळाच्या ध्वनियंत्रणेवर वेन रुडमोस याने केलेलं काम १९५८ साली प्रसिद्ध झालं. सी. पी. बोनर हा टेक्सास विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ. त्याने सभागृहांचा आवाज दुरुस्त करण्याचा सपाटाच लावला. माईकची शिट्टी ज्या वारंवारतेवर सुटते तेवढीच अरुंद फट कापायची, मग पुढची शिट्टी शोधायची, ती कापायची. आम्ही आजही प्रयोगाआधी हेच करतो. माईक सगळे चालू ठेवायचे, आवाज हळूहळू चढवायचा आणि पहिली शिट्टी कुठून येते ते बघायचं. चांगला साउंडवाला शिट्टी ऐकून आकडा सांगतो: "ही अडीच हजार." नवीन पोरगा दोन हजारावर जातो, मग तीन हजार एकशे पन्नासवर, आणि तोवर पहिल्या रांगेतले कानांवर हात ठेवतात.

डेव्हिसने आल्टेकमध्ये हेच काम पेटीत बसवलं. १९६७ साली ॲकूस्टा-व्हॉइसिंग नावाने सप्तकाच्या एकतृतीयांश रुंदीच्या फिल्टरांचा संच आला. ६३ हर्ट्झपासून साडेबारा हजारांपर्यंत चोवीस बँड. त्यात वाढवण्याची सोयच नव्हती, फक्त कापता यायचं. मला या यंत्राबद्दल अतोनात आदर आहे. नंतरच्यांनी वाढवण्याची सोय परत आणली आणि तेव्हापासून जगाचे कान बिघडले, असं माझं प्रामाणिक मत आहे.

१९७०च्या दशकात जड कॉइल गेल्या. त्यांच्या जागी चिप आल्या आणि यंत्रं स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरच्या क्लार्क टेक्निकने सत्तावीस बँडचा डीएन२७ काढला आणि पुढे डीएन३६०, दोन चॅनेल, प्रत्येकी तीस बँड. जगभरच्या मोठ्या मैफलींत रॅकमध्ये हा हमखास असायचा. आमच्या वाट्याला आलेले ग्राफिक मात्र बहुतेक त्याच्या नकलांच्या नकला होते. पावसाळ्यानंतर त्यांच्या कार्बनच्या पट्टीवर ओल धरायची आणि दांडा हलवला की स्पीकरमधून खर्रर्र. स्प्रे मारायचा, दांडा दहा-वीस वेळा वरखाली घासायचा, तरी एखादा मधेच मुका. मग तेवढ्या बँडवर पांढरी चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे अंधारात हात जाणार नाही. एका नाट्यगृहात तर इक्वलायझर जाळीच्या कुलूपबंद पेटीत असायचा, आणि किल्लीवाला माणूस तिसऱ्या घंटेपर्यंत चहाला.

असो. स्वस्त चिपवाल्या त्या पिढीत एक खोड होती. स्लायडर पूर्ण बारा डेसिबल वर नेला तर बँड सांगितल्याइतका अरुंद राहायचा. पण तीन डेसिबलच हलवला तर तो पसरायचा, सप्तकाचा तिसरा भाग राहायचा बाजूला आणि सप्तकभर हालचाल व्हायची. आता कामाच्या वेळी बारा डेसिबल कोण हलवतो? सगळे तीन-चारच हलवतात. म्हणजे यंत्र नेमकं रोजच्या वापरात आपल्या शब्दाला जागत नव्हतं. रेन कंपनीच्या डेनिस बोनने १९८०च्या दशकात यावर टीका करून, कितीही हलवलं तरी रुंदी तीच ठेवणारी रचना पुढे आणली. तिच्यात एकेकट्या स्लायडरचं वागणं सरळ झालं. मग दुसरं टोक दिसलं: शेजारचे दोन एकत्र वर नेले की त्यांच्या मधोमध खळगा राहू शकतो. तो भरून काढण्यासाठी पुन्हा वेगळी जोडणी आली. एका बाजूने पांघरूण ओढलं की दुसरी उघडी, असा तो खेळ चालला होता.

काकांच्या चार बोटांची किंमत मला हे वाचल्यावर कळली. मधली खोल, कडेची उथळ, असा उतार ते हाताने देत होते. शेजाऱ्यांची बेरीज कानाने ओळखून आधीच वजा करत होते.

मधल्या काळात इक्वलायझर घराघरांत शिरला. सलून, रसवंती, रिक्षा, जिथे डेक तिथे पाच किंवा सात दांडे आणि वर नाचणारे लाल-हिरवे दिवे. सगळीकडे आकार एकच: दोन्ही टोकं वर, मधलं खाली, हसऱ्या तोंडासारखं. बेस धडधडतो, झांजा चकाकतात आणि गाणारा माणूस गायब. भीमसेन जोशींची कॅसेट मी अशा डेकवर ऐकली आहे. तबला होता, बुवा नव्हते.

संगणक आल्यावर वाटलं, आता गणिताने सगळं नीट होईल. १९९७ साली विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्राम आला. त्याचे दहा बँड ६०, १७०, ३१० असे विचित्र आकड्यांवर होते आणि शेजारी प्रीॲम्पचा एक स्लायडर. तो कशासाठी हे फार थोड्यांना कळलं. डिजिटल आवाजाला वर छत असतं. दहाही दांडे बारा डेसिबलवर नेले तर शेजाऱ्यांच्या बेरजेने आवाज बाराच्या कितीतरी वर जातो, छताला आपटतो आणि फाटतो. त्यासाठी आधी प्रीॲम्प खाली घ्यायचा. पोरं तोही वर न्यायची.

माझं लक्ष वेधलं ते विंडोज मीडिया प्लेअरने. त्याच्या इक्वलायझरच्या बाजूला तीन बारकी बटणं होती: स्लायडर सुटे हलावेत, सैल गटाने हलावेत की घट्ट गटाने. गटाचं बटण दाबून एक ओढला की शेजारचे त्याच्यामागे येतात, आणि जितके लांबचे तितके कमी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलोच. ही तर काकांची बोटं! माउसला टोक एकच, म्हणून राहिलेली बोटं प्रोग्रामरने आतून पुरवली होती. फरक इतकाच की काका कुठल्या बाजूला उतार लांब ठेवायचा ते पेटी ऐकून ठरवायचे. इथे तो दोन्हीकडे सारखा.

मोठ्या मिक्सरांनी हात परत दिला. २००५च्या यामाहा एम७सीएलवर ग्राफिकचे बँड चॅनेलच्याच फेडरांवर आणता येतात. नंतर बेहरिंगर एक्स३२नेही ते स्वस्तात दिलं, आणि आज तालुक्याच्या गावातही साउंडवाल्याकडे ते सापडतं. यामाहाच्याच यंत्रात फ्लेक्स१५ नावाचा एक प्रकार आहे: एकतीस बँड दिसतात, पण त्यातले जास्तीत जास्त पंधराच हलवता येतात. सोळाव्याला हात लावू देत नाही. कारण आतल्या हिशेबाची काटकसर असेल, पण मला तो शिस्तीचा भाग वाटतो. पंधरा हलवूनही सभागृह ऐकत नसेल तर दोष स्पीकर ठेवण्यात आहे, खुर्चीवरून उठा.

बेरजेचा प्रश्न कागदावर अलीकडे सुटला. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले वेसा वालिमाकी आणि युहो लिस्की यांनी २०१७ साली दाखवलं की प्रत्येक बँड इतरांवर किती सांडतो याचा तक्ता करायचा, त्यावरून सगळ्यांची समीकरणं एकदम सोडवायची आणि आत प्रत्येक फिल्टरला स्लायडरपेक्षा वेगळा, दुरुस्त केलेला आकडा द्यायचा. दहा बँडच्या इक्वलायझरमध्ये चूक एका डेसिबलच्या आत राहते. मुठींच्या माथ्यांवरून डोळ्यांनी ओढलेली रेघ अखेर खरी ठरली.

आपल्या समोरच्या मिक्सरमध्ये हे गणित आहे की नाही, ते मात्र बाहेरून दिसत नाही. म्हणून नवीन यंत्र हाती आलं की मी चाचणीचा पिंक नॉइज सोडतो, ८००, १००० आणि १२५० हे तिघं सहा डेसिबलवर ठेवतो आणि फोनवरच्या ॲनालायझरऐवजी केबल लावून थेट आउटपुट मोजतो. एका यंत्रावर मधला डोंगर साडेआठच्या आसपास आला, दुसऱ्यावर जवळजवळ बारा. दोन्हींच्या पडद्यावर सहाच लिहिलेलं होतं. आता पहिल्यावर काम असलं की मी मधला दांडा दोन-अडीच कमी ठेवतो, दुसऱ्यावर तिन्ही थेट निम्मे.