घाटातले पाणी आणि परदेशातली विद्या

वाचकहो, पौडवरून ताम्हिणीकडे जाताना मुळशीचे धरण तुम्ही पाहिले असेल. मुळा नदी मुळात पूर्वेकडे, पुण्याच्या अंगाने वाहणारी. माणसाने ती अडविली आणि तिचे पाणी बोगद्यातून उलट पश्चिमेस नेले. तेथून ते नळांवाटे सुमारे 500 मीटर खाली, कोकणात भिऱ्याला उतरते, चक्रे फिरविते आणि वीज तयार होते. भिऱ्याचे वीजघर 1927 साली सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईला गेली.

ही करामत पाश्चात्त्य शास्त्राची. ते शास्त्र आपल्याला हवेच होते. पुण्यात इंजिनिअरिंगचे शिक्षण 1854 सालीच सुरू झाले. चीनचेही तसेच. युंग विंग यांच्या खटपटीने चिनी सरकारने 1872 पासून 120 मुले अमेरिकेस शिकायला धाडली. पोरे परकी होतील या धास्तीने 1881 साली ती माघारी बोलाविली. पण त्यांतल्याच झान तियानयौ यांनी पुढे 1905 ते 1909 या काळात, परक्या इंजिनिअरांवाचून, पेकिंग ते कालगन हा डोंगराळ रेल्वेमार्ग बांधून दाखविला. कालगन हे मंगोलियाच्या व्यापाराचे नाके. शिकलेली विद्या अशी देशाच्या कामी आली.

आता पुन्हा मुळशीला या. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट 1904 साली शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले आणि एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकू लागले. म्हणजे यंत्राला बिचकणारा हा माणूस नव्हे. तरी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, धरणाचे काम रोखायला मावळ्यांबरोबर तेच उभे राहिले. का? आंबेमोहोर पिकविणारी जमीन सरकार कायद्याने काढून कंपनीला देत होते, आणि ज्यांची जमीन त्यांना कुणी विचारले नव्हते! ‘जान किंवा जमीन’ म्हणत लोक तुरुंगात गेले. बापट ‘सेनापती’ झाले. 1924 साली लढा संपला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

किती उंचीवरून पाणी पडले म्हणजे किती वीज होईल, हे गणित शास्त्र बिनचूक सांगते. पण ते पाणी कोणाच्या शेतावर साठवायचे, हे त्या गणितात येत नाही. ते शेतकऱ्यालाच विचारावे लागते. गुरुजी, वर्गात विजेचा धडा घ्याल तेव्हा भिऱ्याचे चक्र जरूर सांगा. पण त्याच तासाला मुळशीची बुडालेली गावेही सांगा.