तळटीप : सोमच्या आघाडीवरील रणगाडे
१. सोमच्या आघाडीवरील ‘चालते किल्ले’ : येथे अभिप्रेत आहेत ते ब्रिटिशांचे ‘मार्क १’ रणगाडे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर-कूर्सलेत येथे ते प्रथम लढाईत उतरले. १९१४च्या अखेरीपासून खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांनी पश्चिम आघाडी जखडून टाकली होती. पायदळाची प्रत्येक चढाई म्हणजे नरसंहार ठरत होती. ही कोंडी फोडण्यासाठी नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी फेब्रुवारी १९१५मध्ये समिती नेमली. लिंकन येथील शेतीयंत्रांच्या कारखान्यात विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी त्याच वर्षी ‘लिटल विली’ हा नमुना बांधला. रुंद खंदक त्याला ओलांडता येईनात, म्हणून पुढच्या नमुन्यात साखळीपट्टे गाड्याच्या संपूर्ण तिरकस धडाभोवती फिरवले. त्यातूनच घडलेल्या सुमारे २८ टनांच्या ‘मार्क १’ गाड्यात आठ जण असत. तो नुसता हाकायलाच चौघे लागत. इंजिन त्यांच्या मधोमध, उघडेच असे. उष्णतेने आणि धुराने माणसे बेशुद्धही पडत. वेग जेमतेम ताशी ६ किलोमीटर. १५ सप्टेंबरच्या त्या पहिल्या लढाईत ४९पैकी सुमारे ३२ गाडेच चढाईच्या रेषेपर्यंत पोचले. त्यामुळे या पदार्पणाला निर्णायक विजय म्हणता येत नाही. रणगाड्यांचे खरे सामर्थ्य २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे दिसले. तिथे ते टणक जमिनीवर, शेकड्यांनी एकवटून वापरले गेले. आजच्या रणगाड्यांवर दिसणारा फिरता बुरूज मात्र फ्रेंचांच्या दोन माणसी ‘रेनॉ एफटी’ने रूढ केला. — संपा.