२३. पंडित सर

चंद्रकांत पंडित (जन्म १९६१, मुंबई). यष्टिरक्षक-फलंदाज. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. त्यांची खरी थोरवी मात्र प्रशिक्षक म्हणून आहे. त्यांच्या हाताखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. पुढे ते विदर्भाकडे गेले आणि तोवर एकदाही अंतिम फेरी न गाठलेल्या या संघाने २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा करंडक उचलला. पहिल्या विजयात, इंदूरला दिल्लीविरुद्ध, रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली.

१९९८-९९ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर झाला. पंडित तेव्हा मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून हरला. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून, त्यांनी मुंबईला सहा गडी राखून हरवले. मध्य प्रदेशाचा तो पहिला रणजी करंडक. सरावातली त्यांची कडक शिस्त सर्वांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या कोलकाता संघाचेही ते मुख्य प्रशिक्षक होते.

महाराष्ट्र राज्यात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन रणजी संघ आहेत. त्यांपैकी विदर्भाच्या यशाने मोठ्या शहरांपासून दूरच्या खेळाडूंना बळ दिले.