सेवाग्रामचा इनबॉक्स

ऑफिसात चॅट, कॉल आणि मीटिंग एकाच सॉफ्टवेअरमध्ये आलं तेव्हा आपण केवढे खूश झालो होतो! (आता त्याच्या 'टिंग'ने दचकायला होतं, ते सोडा.) पण सगळे निरोप एका जागी गोळा करायची ही भानगड वर्धा जिल्ह्यात फार जुनी आहे बरं का.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. देशभरातून टपाल यायचं, पण ते बऱ्याचदा जायचं बुलढाण्यातल्या शेगावला. चक्क नेमस्पेस क्लॅश! शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. दर सोमवारी बापूंचं मौन, म्हणजे स्टेटस 'बिझी'. उत्तरं चिठ्ठीवर. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगोने आश्रमात फोन बसवून दिला. तो आजही तिथे जपून ठेवलाय, आणि बघणारे त्याच्यापाशीच थबकतात.

मला विचाराल तर खरी सिस्टिम फोन नव्हतीच. ती होती महादेवभाई देसाई. राहायला वर्ध्यात मगनवाडीला, काम सेगावात. पत्रं, तारा, 'हरिजन'चा मजकूर, सगळं घेऊन जाऊन-येऊन अकराएक मैल चालायचे. वर्ध्याच्या उन्हाळ्यातसुद्धा! ज्याने वर्ध्याचा मे महिना पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. कुठला निरोप आधी बापूंपुढे ठेवायचा, हेही बऱ्याचदा तेच ठरवत. १९३८ मध्ये रक्तदाबाने त्यांना गाठलं, तरी काम सुटलं नाही.

९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली. १५ तारखेला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ते गेले. वय अवघं ५०.