विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून अंतराळात

उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सरकार, कोट्यवधींचा खर्च आणि शेकडो शास्त्रज्ञ उभे राहतात. १९५७ साली सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडला तेव्हापासून हा समज रूढ झाला. परंतु विद्यार्थी मित्रहो, एका विद्यापीठातील मूठभर माणसांनी या समजाला तडा दिला. तो इतिहास आपण आणि आपल्या पालकांनीही जाणून घेण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड येथे सरे विद्यापीठ आहे. तेथे मार्टिन स्वीटिंग नावाचा एक तरुण संशोधक होता. त्याला हौशी रेडिओचा नाद होता. अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांनी १९६१ मध्येच 'ऑस्कर' हा छोटा उपग्रह सोडला होता. त्याच वाटेने पुढे जाऊन, बाजारात मिळणारे सुटे भाग आणि नव्याने निघालेला मायक्रोप्रोसेसर वापरून उपग्रह का बनवू नये, असा विचार स्वीटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. त्यातून सुमारे ५० किलो वजनाचा 'युओसॅट-१' तयार झाला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी कॅलिफोर्नियातून, अमेरिकेच्या एका मोठ्या उपग्रहासोबत तो अंतराळात गेला.

त्यावर काय काय होते? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि अंतराळातील भारित कण मोजणारी उपकरणे होती, पृथ्वीचे छायाचित्र घेणारा कॅमेरा होता. शिवाय उपकरणांची मापने इंग्रजीत बोलून सांगणारे एक यंत्रही होते. साध्या रेडिओवर शाळकरी मुलांनाही ते ऐकता यावे, हा त्यामागचा हेतू. पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठवून त्याचा संगणक आकाशात असतानाच बदलता येत असे.

पण १९८२ मध्ये घात झाला. आज्ञावलीतील एका चुकीमुळे उपग्रहाचे दोन्ही प्रेषक एकाच वेळी सुरू राहिले. बाजारातल्या गोंगाटात हाक ऐकू येऊ नये, तसे झाले. पृथ्वीवरची आज्ञा उपग्रहाला ऐकूच येईना. कित्येक महिने असे गेले. माणसे खचली नाहीत. अखेर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील सुमारे ४६ मीटर व्यासाच्या प्रचंड अँटेनाची मदत मिळाली आणि सप्टेंबरमध्ये उपग्रहाने आज्ञा ऐकली. पुढे १९८९ पर्यंत तो कक्षेत राहिला. 'युओसॅट-२' तर सुमारे सहा महिन्यांत बांधून १ मार्च १९८४ रोजी सोडण्यात आला. तीस वर्षांनंतरही त्याचे संदेश ऐकू येत होते.

१९८५ मध्ये विद्यापीठाने केवळ १०० पौंड भांडवलावर कंपनी काढली. पण खरी कमाई होती ती विद्येची. अनेक देशांचे अभियंते सरेला आले आणि उपग्रह बांधता बांधता शिकले. दक्षिण कोरियाचा किटसॅट-१ (१९९२), मलेशियाचा तिउंगसॅट-१ (२०००), अल्जेरियाचा अल्सॅट-१ (२००२) हे अशा सहकार्यातून घडले. अल्जेरिया, नायजेरिया, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांच्या उपग्रहांची एक साखळी तयार झाली. पूर, भूकंप अशा संकटांत पृथ्वीची छायाचित्रे तातडीने पुरविणे हे तिचे काम. २०१५ मध्ये सरेच्या कंपनीने बांधलेले तीन उपग्रह आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडले.

आपला महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतराळात गेला. 'स्वयम्' अवघा एक किलोचा! या कामास वर्षे लागली. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली की पुढची तुकडी तेच काम हाती घेत असे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी जुना रेडिओ खोलून बसली तर आपण रागावतो, 'अभ्यास कर' म्हणतो. पण तो अभ्यासच नव्हे काय? आणि आम्हा शिक्षकांनाही एक विचारावेसे वाटते: प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली वर्षातून किती वेळा फिरते? उपकरण फुटेल या भीतीने कपाट बंद राहिले, तर उपकरण शाबूत राहील, पण मुलांचे हात कोरे राहतील. विद्यार्थी मित्रहो, सरेच्या लोकांकडे पैसा थोडा होता आणि चुकाही झाल्या. त्यांनी काम मात्र सोडले नाही, एवढे ध्यानात ठेवा.