भूमीखालचा पाट

आपल्या नायगावाच्या दक्षिणेस बीदर हे प्राचीन शहर आहे. तेथील नौबाद भागात पायी फिरताना एका रांगेत खोदलेली विवरे आढळतात. परका मनुष्य त्यांस पडक्या विहिरीच समजेल. वस्तुतः ती 15 व्या शतकात, बहमनी राजवटीत खोदलेल्या ‘करेझ’ नामक भुयारी पाटाची तोंडे होत. जांभा दगडातून मुरलेले पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडते व झऱ्यांच्या रूपाने पाझरते. ते केवळ उताराच्या बळावर, मोटेवाचून, वस्तीकडे नेले होते. पुढे कित्येक तोंडे केरमातीने बुजली. 2010 नंतरच्या दशकात ती उपसली, तो आत पाणी होतेच! यास्तव, वाचकहो, गावची जुनी बारव बुजविण्यापूर्वी तिच्या तळाचा झरा जिवंत आहे काय, हे अवश्य पाहावे.